तीन नंबरचं स्टूल

१

व्होडका गोठली होती.

बारमध्ये कधी काम न केलेल्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं? फ्रीझरमध्ये ठेवली, गोठली. अहो, नाही गोठत! चांगली व्होडका आमच्या फ्रीझरमध्ये वर्षभर ठेवा, तेलासारखी दाट होईल, पण वाहील. गोठतं ते पाणी.

सकाळचे अकरा वाजले होते. बार उघडायचा पाच वाजता, पण मालकीणबाईंकडे त्यांच्या दिवंगत यजमानांचे जुने मित्र आले होते. त्यांच्यासाठी ती खास, महागडी बाटली काढायला सांगितली होती. मुख्य बारटेंडर उस्तादांनी कमरेची किल्ली काढून फ्रीझर उघडला, बाटली आणली आणि ग्लासावर तिरकी केली. थेंब पडेना. त्यांनी बाटली हलवली तर आत बर्फाचा गोळा खडखडला.

"फ्रीझर जास्त थंड झालाय मामी," मॅनेजर मालकीणबाईंना म्हणाला. "मेकॅनिकला बोलावतो मी."

बाकी कोणी बोललं नाही. वाढपाचं काम करणाऱ्या बाईला आम्ही रेडिओ म्हणायचो, कारण तिचं तोंड बंद म्हणून कधी नसायचं. त्या दिवशी रेडिओसुद्धा बंद पडला. बावीस वर्षं त्या काउंटरमागे उभे असलेले उस्ताद हातातल्या बाटलीकडे नुसते बघत राहिले.

"शेवटची कधी काढली होती?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तीन महिन्यांपूर्वी. हेच पाहुणे होते. तेव्हा नीट होती."

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे, बाई. दुसरी वर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये."

पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून बाई हसल्या आणि दुसरी बाटली मागवली. मी बेसिनपाशी ग्लास विसळत होते. तीन आठवडे मी तेच करत होते. निदान तिथल्या लोकांना तसं वाटत होतं.

२

माझा खरा धंदा म्हणजे लोकांवर नजर ठेवणं. आमचं छोटंसं ऑफिस आहे, माझं आणि दादाचं. एखाद्या बारच्या मालकाला संशय आला की नोकरांपैकी कोणी चोरतंय, मापात मारतंय, गिऱ्हाइकांना छळतंय, की तो आमच्याकडे येतो. मी आत नोकरीला लागते, दादा गिऱ्हाईक बनून काउंटरपुढे बसतो. दोघांनी वेगवेगळा अहवाल लिहायचा, काम संपेपर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. हा दादाचाच नियम. "एकाचे डोळे चुकतात गं छोटे," तो म्हणायचा. "दोघांचे चुकत नाहीत. कोणाच्या पोटावर पाय द्यायचा असेल तर चार डोळे पाहिजेत."

मी दहा वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून माझी वेणी घालणारा, माझ्या शाळेत येऊन बाईंशी भांडणारा माणूस म्हणजे दादा. त्याचा शब्द मला कधी तपासून बघावासा वाटला नाही.

या बारमध्ये कोठीतला माल कमी भरत होता. दोन-दोन, तीन-तीन बाटल्या गायब. पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नव्हता. मालकीणबाईंना गुपचूप शोध हवा होता, कारण महिनाअखेरीला त्या उस्तादांना भागीदार करून घेणार होत्या. त्याआधी घर साफ आहे ना, हे त्यांना बघायचं होतं.

आणि उस्ताद! काय सांगू तुम्हाला. मी अडतीस वर्षांची, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला मावशी करून टाकलं. काउंटरला सात स्टुलं. "मावशी, तीन नंबरला लिंबू सोडा," ते म्हणाले आणि मी आपली दारापासून मोजून तिसऱ्या स्टुलासमोर नेऊन ठेवला. तिथे कोणीच नव्हतं. असे हसले!

"अगं, दारापासून गिऱ्हाईक मोजतं. आपण गल्ल्यापासून मोजायचं."

दारापासूनच्या तिसऱ्या स्टुलावर तसंही कोणी बसत नाही. काउंटरमधूनच एक जाडजूड खांब वर गेलाय, वरपासून खालपर्यंत आरशाचे तुकडे लावलेला. तिथे बसलं की तोंडासमोर खांब. गल्ला नाही, फ्रीझर नाही, स्वतःच्या थोबाडाशिवाय काही दिसत नाही. रेडिओ त्याला 'रुसलेल्याची जागा' म्हणते.

दुपारी उस्ताद डबा उघडायचे तेव्हा उकडलेल्या अंड्याचे सुरीने दोन भाग करायचे. अर्धं माझं. मी नको म्हटलं तर म्हणायचे, "खा गं, हाडं दिसतात तुझी." तीन आठवडे मी ते अर्धं अंडं खाल्लं आणि घरी जाऊन वहीत लिहिलं, 'आज संशयास्पद काही नाही.'

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर बाईंनी मला वर बोलावलं. दार लावून घेतलं आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं. अक्षर लांबूनच ओळखलं मी.

"तुमच्या भावाचा अहवाल सकाळीच आला," त्या म्हणाल्या. "मी आत्ता फोडला. वाचा."

३

आमचा छापील कागद होता. वार बुधवार, वेळ संध्याकाळी सहा. 'बसण्याची जागा, दारापासून मोजून' यापुढे दादाने लिहिलं होतं, तीन. आणि खाली: 'मुख्य बारटेंडरने फ्रीझर उघडून व्होडकाची खास बाटली काढली. त्यातली निम्मी दुसऱ्या बाटलीत ओतून घेतली आणि नळाचं पाणी भरून बाटली परत ठेवली. माझ्या जागेवरून फ्रीझर आणि नळ दोन्ही समोर असल्याने स्पष्ट दिसलं.'

मी कागद परत एकदा वरपासून वाचला.

"बुधवारी तो हे लिहितो आणि आज बाटली गोठलेली निघते," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं! ह्यांच्या शेवटच्या दिवसांत त्या माणसाने पाठीवर घालून दवाखान्यात नेलं ह्यांना. आणि माझ्याच घरात... पाचला दार उघडायच्या आत मी त्याला काढणार. गावातल्या सगळ्या बारना पत्र जाईल. कोणी दारात उभं करणार नाही त्याला."

पंचावन्नाव्या वर्षी, चोर म्हणून.

खोटं कशाला बोलू, मला आधी उस्तादांचाच राग आला. असा राग, की ते समोर असते तर काहीतरी फेकून मारलं असतं. ते अर्धं अंडं, ती माया, सगळं सोंग? लोकांना फसवून पोट भरणारी मी, आणि मलाच कोणी फसवलं म्हणून भडकले होते.

"बाई, मला पाचपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. "माझा अहवाल अजून यायचाय. दोन्ही जुळल्याशिवाय आम्ही कोणाचं नाव पक्कं करत नाही."

खाली आले तर रेडिओ पुसायच्या फडक्यांच्या घड्या घालत होती. तिला विचारायची गरजच नसते.

"मावशी, डोकं फिरलंय का गं कोणाचं? पाणी घालायचंच तर फळीवरच्या बाटलीत घाल ना! फ्रीझरमधलीत घालतं का कोणी? अगं, मला पहिल्या दिवशी शिकवलं उस्तादांनी, फ्रीझर चहाडखोर असतो म्हणून. पाणी घातलं की सकाळी बर्फाचा गोळा तयार. त्यांनीच शिकवलं आणि तेच करतील? मी नाही मानत."

"बुधवारी सहाला कोण होतं काउंटरवर?"

"मला काय माहीत? मंगळवार ते गुरुवार मी बहिणीकडे नव्हते का, तिच्या बाळंतपणाला? तुला फोटो दाखवले की सतरा. आणि तू स्वतःच नव्हतीस का इथे?"

मी होते. पण आतल्या मोरीत. काउंटर तिथून दिसत नाही.

मॅनेजर जिन्याखाली फोनवर बोलत होता. मालकीणबाईंच्या नवऱ्याचा हा भाचा. कागदपत्रं, बिलं, पत्रव्यवहार सगळं त्याच्याकडे. काउंटरमागे पाऊल टाकायचं तर त्याला कमीपणा वाटायचा. मला बघून फोन ठेवला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना मावशी. चहा मागवू?"

पहिले दोन आठवडे हाच माणूस मला "ए, फरशी ओली का ठेवलीस" म्हणून खेकसायचा. गेल्या आठवड्यापासून त्याला माझा असा पुळका आला होता. तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, माणूस सुधारला.

"फ्रीझर दुरुस्त झाला का साहेब?" मी विचारलं.

"मेकॅनिक म्हणतो, काही बिघाड नाही." तो कपाळ पुसत म्हणाला. "वाईट वाटतं हो उस्तादांचं. पण माणूस कसा निघेल, काही सांगता येतं का?"

राहिले उस्ताद. ते काउंटर पुसत होते. पुसलेलंच परत पुसत होते.

"तुम्ही पाणी घातलं?" मी तोंडावर विचारलं. मला आडवळण जमेना.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि त्याचाच मला त्रास झाला.

"मावशी, मी घातलं असतं तर पाहुण्यांसमोर ती बाटली मीच बाहेर काढली असती का गं?" ते म्हणाले. मग डबा उघडून अंड्याचे दोन भाग केले, अर्धं माझ्यापुढे ठेवलं आणि वर फळीवरचा रिकामा ग्लास दाखवला. "तो जरा तीन नंबरपाशी ठेव. काच तडकलीये, टाकायचाय."

मी ग्लास उचलला आणि गल्ल्यापासून मोजत गेले. एक, दोन, तीन. ग्लास ठेवला. मान वर केली.

समोर फ्रीझर होता. त्याच्या शेजारी नळ.

४

मी तशीच धावत दुसऱ्या टोकाला गेले आणि दारापासून मोजलं. एक, दोन, तीन. बसले. समोर आरशांचा खांब आणि त्यात माझं बारा वाजलेलं तोंड.

दादाच्या कागदावर छापलंय, दारापासून मोजून. तो छापून घेणारा दादाच. वीस वर्षं त्याने मला तेच घोकून घेतलंय, गिऱ्हाईक दारातून येतं, गिऱ्हाईक दारापासून मोजतं. मग या खांबाआड बसून त्याला फ्रीझर कसा दिसला?

चुकला असेल, मी मनाला समजावलं. वय झालंय. घाईत लिहिलं असेल.

आमचं ऑफिस किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर आहे, चालत वीस मिनिटं. मी बारा मिनिटांत पोचले. दादा खिडकीत बसून पेन्सिलीला टोक करत होता.

"अगं छोटे! काम संपायच्या आधी भेटायचं नाही, विसरलीस?"

"दादा, एकच विचारते. बुधवारी तू त्या खांबाला टेकून बसला होतास, की जरा सरकून?"

त्याने पेन्सिलीचं टोक फुंकलं.

"कुठला खांब?" तो म्हणाला.

५

त्या बारमध्ये पाऊल टाकणाऱ्या आंधळ्यालासुद्धा तो खांब लागेल.

दादाला माझं तोंड वाचता येतं, लहानपणापासून. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"तू गेलाच नाहीस," मी म्हटलं.

"ऐकून घे—"

"कोणी सांगितलं तुला, काय लिहायचं ते?"

त्याने पेन्सिलीची सालं हाताने एका ठिकाणी गोळा केली. मग म्हणाला, "भाचा आला होता इथे. मामीच्या कागदांत आपलं पत्र सापडलं त्याला. म्हणाला, चोर कोण ते मला माहीत आहे, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, पण मामी माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. त्याच्या ओळखीच्या चार बारचं काम देतो म्हणाला. मी म्हटलं, खरंच आहे तर मी पाहिलं काय, त्याने पाहिलं काय."

"माझ्याबद्दलही सांगितलंस त्याला?"

उत्तर मला आधीच मिळालं होतं. खुर्ची, चहा, बसा ना मावशी.

"दादा, चार डोळे म्हणायचास तू!"

"मला नाही जमत गं आता!" तो एकदम ओरडला. "धूर सोसत नाही, पेला तोंडाला लावता येत नाही, डॉक्टरने सक्त मना केलंय. सांगू कोणाला? तुझ्या पाठीमागे तुझी वही उघडायचो. त्यात नाव असायचं, चाचपडत का होईना. मी बाहेरून जुळवून द्यायचो. तुझ्यावर विश्वास होता माझा."

नियम मोडून तो माझ्या वह्या वाचत होता. माझ्या अर्ध्यामुर्ध्या शंकेवर स्वतःच्या सहीने शिक्का मारत होता. आणि मी रात्री शांत झोपत होते, कारण दादानेही पाहिलंय.

"किती दिवस चाललंय?"

"दोन वर्षं."

दोन वर्षांत आम्ही अकरा जणांना कामावरून काढवलं होतं. एक बाई तर माझे पाय धरून रडली होती. तिला मी म्हटलं होतं, "दोघांनी पाहिलंय बाई, आता रडून काय उपयोग?"

"सगळं तुझ्यासाठीच केलं ना," दादा म्हणाला. "हे ऑफिस बंद पडलं तर तुझं कसं व्हायचं?"

"माझं नाव घेऊ नकोस," मी म्हटलं. "वेणी घातलीस म्हणून काहीही चालवून घेईन असं वाटलं होय रे तुला?"

माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मला ती पुसायचीसुद्धा नव्हती. टेबलावरचा एक कोरा कागद ओढला. "लिही. बुधवारी मी तिथे गेलो नव्हतो. सही कर."

"लिहिलं तर आपला धंदा बुडाला, छोटे. परत कोणी दारात उभं करणार नाही आपल्याला."

"हो. आता कळलं ना, ते कसं असतं?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. दादाने पेन्सिल उचलली. मी त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि पेन दिलं.

६

पाचला दहा मिनिटं कमी असताना मालकीणबाईंनी सगळ्यांना काउंटरपाशी गोळा केलं. उस्तादांनी किल्ल्यांचा जुडगा आधीच काढून ठेवला होता.

"बाई, मी बोलू का?" मी म्हटलं.

"तू?" रेडिओ म्हणाली.

"साहेब," मी मॅनेजरकडे वळले, "तीन नंबरचं स्टूल कुठलं हो?"

त्याने विचारही केला नाही. फ्रीझरसमोरच्या स्टुलाकडे बोट केलं.

"बरोबर. आपण सगळे तसंच मोजतो, गल्ल्यापासून. गिऱ्हाईक मोजतं दारापासून." मी अहवाल काउंटरवर ठेवला. "गिऱ्हाईक म्हणून बसलेला माणूस लिहितो, दारापासून तिसरं. तिथून फ्रीझर दिसतो का, कोणीही बसून बघा. हे गिऱ्हाइकाने पाहिलेलं नाहीये. इथल्याच कोणीतरी त्याला सांगितलंय आणि त्याने उतरवून घेतलंय." मग दादाचा दुसरा कागद वर ठेवला. "आणि हे त्याने कबूल केलंय. तो इथे आलाच नव्हता."

मालकीणबाईंनी दोन्ही कागद वाचले. "कोणी सांगितलं?"

"आज सकाळपर्यंत बाटलीत पाणी आहे हे इथे कोणालाच माहीत नव्हतं. बुधवारी ज्याला माहीत होतं, त्यानेच ते घातलं. उस्ताद स्वतःविरुद्ध सांगणार नाहीत. रेडिओ तीन दिवस गावातच नव्हती. आणि या दोघांनाही माहीत आहे की पाणी घातलेली बाटली फ्रीझरमध्ये गोठते. ते तिथे कधी घालणारच नाहीत. गोठलेली बाटली बघून फ्रीझर बिघडला असं इथे एकाच माणसाला वाटलं."

रेडिओने तोंडावर हात ठेवला. "मेकॅनिक!"

"बाटल्या कोठीतून जात होत्या, त्यात ही महागडीही अर्धी गेली. किल्ली वरच्या ड्रॉवरमध्ये. मग आमचं पत्र सापडलं, हे घाबरले आणि आमच्या ऑफिसात येऊन माझ्या भावाला उस्तादांचं नाव सांगून गेले. उस्ताद गेले तर चोरीही झाकली जाते आणि भागीदारीही टळते."

"मामी, ही ग्लास धुणारी बाई—" मॅनेजर सुरू झाला.

"तुझ्या मामांच्या फोटोसमोर जाऊन बोल," मालकीणबाई म्हणाल्या. "वर चल."

तो आधी गेला, मान खाली घालून. त्या मागून गेल्या. जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उचलून उस्तादांच्या हातात ठेवला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या.

मला वाटलं, आता उस्ताद हसतील. मावशी, वाचवलंस गं, म्हणतील. वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यांनी काउंटरवरचे दोन्ही कागद उचलून वाचले. सावकाश, चष्मा लावून.

"म्हणजे तू मावशी नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

"डबा खाताना? तेव्हाही लिहीत होतीस?"

"घरी जाऊन लिहायचे," मी म्हटलं. "रोज."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून खिशात ठेवला. रेडिओ माझ्यापासून दोन पावलं मागे सरकली. मी एप्रन सोडला, त्याची घडी केली.

"उस्ताद, शेवटचा एक लिंबू सोडा मिळेल?" मी कशीबशी म्हणाले.

"हो तर. पाच वाजले, बार उघडला," ते म्हणाले. ग्लास काढला, बर्फ घातला, लिंबू पिळलं. सगळं नेहमीसारखं. "बसा मॅडम, तीन नंबरला."

मी सवयीने गल्ल्याकडे वळले. तिथून ते समोरच दिसले असते.

"तिकडे नाही," उस्ताद शांतपणे म्हणाले. "दारापासून मोजा."

मी मोजलं. एक, दोन, तीन. त्यांनी सोडा आणून ठेवला, बिल ग्लासाखाली सरकवलं आणि ते खांबापलीकडे गेले. मला त्यांचा फक्त आवाज येत होता. समोर आरशाच्या तुकड्यांत माझंच तोंड होतं, आणि सोडा संपेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले.